परदेशी कारखाना, देशी स्क्रू

व्हिएतनाम आणि महाराष्ट्र यांची तुलना करावी असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण आकडे शेजारी मांडले की थबकायला होते. व्हिएतनामचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचे ३ लाख ८ हजार. व्हिएतनामची लोकसंख्या २०२३ मध्ये १० कोटींवर गेली. महाराष्ट्राची त्याहून काहीशी जास्त आहे. दोघांचे वर्षाचे सकल उत्पादनही अलीकडे जवळपास सारखे, साधारण ४० लाख कोटी रुपयांच्या घरात. फरक पडतो तो निर्यातीत. २०२४ मध्ये व्हिएतनामने ४०० अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल परदेशी पाठवला. त्या सुमारास अख्ख्या भारताची मालाची निर्यात त्याहून फार मोठी नव्हती.

हा पल्ला व्हिएतनामने चाळीस वर्षांत गाठला, आणि तो परदेशी भांडवलाच्या जोरावर गाठला असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धे. परदेशी पैसा येण्याआधी तिथे काय घडले आणि आल्यावर त्यातला किती देशात मुरला, हे पाहिल्याशिवाय या यशाचा अर्थ लागत नाही, आणि पुढे काय होईल याचा अंदाजही बांधता येत नाही.

सुरुवात भाताच्या खाचरातून करावी लागते. उत्तर व्हिएतनाममधल्या विन्ह फुक प्रांतात किम न्गॉक नावाचे कम्युनिस्ट पक्षाचे सचिव होते. शेती तेव्हा सहकारी संस्थांची. सगळ्यांनी मिळून राबायचे, हजेरीचे गुण मांडायचे आणि त्या गुणांवर धान्य वाटून घ्यायचे. किम न्गॉक यांना दिसत होते की माणसे शेतावर येतात, पण जीव ओतत नाहीत. १९६६ मध्ये त्यांनी प्रांतात वेगळी पद्धत सुरू केली: जमिनीचा तुकडा कुटुंबाकडे कराराने द्यायचा, ठरलेले धान्य संस्थेला घालायचे, वरचे कुटुंबाने ठेवायचे. उत्पादन वाढले. पण १९६८ मध्ये पक्षातले ज्येष्ठ नेते चुआँग चिन्ह यांनी या प्रयोगावर कडक टीका केली. प्रयोग थांबला, आणि किम न्गॉक यांना जाहीरपणे स्वतःला दोषी ठरवावे लागले. १९७९ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांची कल्पना अजून अधिकृतपणे चुकीचीच होती.

त्यानंतरची काही वर्षे फार वाईट गेली. युद्ध १९७५ ला संपले होते, पण देश मोडून पडला होता. अमेरिकेचे व्यापारी निर्बंध होते, दक्षिणेत लादलेली सामूहिक शेती फसली होती, शहरांत तांदूळ-मांस-कापड कुपनांवर मिळे. १९८६ मध्ये महागाईचा दर ७०० टक्क्यांच्या वर गेला. त्या वर्षी जुलैत पक्षाचे सरचिटणीसपद आले ते त्याच चुआँग चिन्ह यांच्याकडे. त्यांनी प्रांतोप्रांती हिंडून परिस्थिती डोळ्यांनी पाहिली आणि आपली भूमिका बदलली. डिसेंबर १९८६ च्या सहाव्या अधिवेशनात ‘दोई मोई’, म्हणजे नूतनीकरण, हे धोरण स्वीकारले गेले. अठरा वर्षांपूर्वी ज्याने किम न्गॉक यांचा मार्ग बंद केला, त्यानेच तो साऱ्या देशासाठी उघडला. सत्तेतल्या माणसाने पुराव्यापुढे मत बदलणे ही इतिहासात विरळा घडणारी गोष्ट आहे, म्हणून ती इथे जरा थांबून सांगितली.

एप्रिल १९८८ च्या ‘ठराव १०’ ने शेतकरी कुटुंबाला शेतीचे मूळ एकक मानले. तोवर तांदूळ आयात करणाऱ्या या देशाने १९८९ मध्ये सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. एका वर्षात जमीन बदलली नव्हती, बियाणेही फारसे बदलले नव्हते. पिकावरचा हक्क बदलला होता. १९९३ च्या जमीन कायद्याने शेतकऱ्याला दीर्घ मुदतीचा वहिवाटीचा हक्क दिला, जो वारशाने देता येतो, हस्तांतरित करता येतो आणि गहाणही टाकता येतो. पोटात अन्न पडले, गावात पैसा खेळू लागला, आणि शेतीतून मोकळे झालेले हात शहराकडे जायला तयार झाले. परदेशी कारखानदार यायच्या आधीची ही तयारी होती. परकीय गुंतवणुकीच्या चर्चेत हा भाग बहुधा गाळला जातो.

दार मात्र लवकर उघडले. डिसेंबर १९८७ च्या परकीय गुंतवणूक कायद्याने शंभर टक्के परदेशी मालकीच्या कंपनीलाही परवानगी दिली. त्या काळी आपल्याकडे परकीय चलन कायद्याखाली बहुतेक उद्योगांत परदेशी मालकीला ४० टक्क्यांची मर्यादा होती. कम्युनिस्ट राजवटीने असा कायदा करणे हे धाडसच होते. तरी पैसा लगेच धावत आला नाही. अमेरिकेने निर्बंध उठवले १९९४ मध्ये, राजनैतिक संबंध जुळले १९९५ मध्ये, आणि त्याच वर्षी व्हिएतनाम आसियानचा सदस्य झाला. १९९६ मध्ये सिंगापूरच्या भागीदारीत हो ची मिन्ह सिटीजवळच्या बिन्ह यूआँग प्रांतात मोठी औद्योगिक वसाहत सुरू झाली. रस्ता, वीज, सांडपाणी, परवाने, सगळे एका कुंपणाच्या आत. अनोळखी देशात कारखाना टाकणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती वाटते ती अनिश्चिततेची, आणि अशी वसाहत ती कमी करते.

परदेशातून येणारा पैसा एकाच जातीचा नसतो. शेअर आणि रोख्यांत येणारा पैसा चाहूल लागताच निघून जातो. कारखान्यात घातलेला पैसा असा उठून जात नाही. जमीन, यंत्रे आणि शिकवलेली माणसे सुटकेसमध्ये भरता येत नाहीत. त्याला थेट परकीय गुंतवणूक म्हणतात, आणि व्हिएतनामने भर दिला तो यावर. त्यातही नोंदवलेला आकडा आणि प्रत्यक्ष उतरलेला आकडा वेगळे असतात. २०२४ मध्ये व्हिएतनाममध्ये सुमारे ३८ अब्ज डॉलरची गुंतवणूक नोंदली गेली. प्रत्यक्ष उतरली सुमारे २५ अब्ज. तिथले सांख्यिकी खाते दोन्ही आकडे नियमितपणे, शेजारी शेजारी छापते. दावोसमधून दरवर्षी महाराष्ट्राच्या सामंजस्य करारांच्या बातम्या येतात, तेव्हा मला या सवयीची आठवण होते. करार हा इरादा असतो. त्यातला किती जमिनीवर उतरला, हे दरवर्षी त्याच ठळक अक्षरांत छापले गेले तर नागरिकाला राज्याची खरी गती कळेल.

व्यापार करारांनी पुढची दारे उघडली. २००१ च्या अखेरीस अमेरिकेशी झालेला द्विपक्षीय करार लागू झाला आणि व्हिएतनामी कपडे, बूट यांवरचा आयातकर एकदम खाली आला. जानेवारी २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व मिळाले. पुढे पॅसिफिक देशांचा करार २०१९ मध्ये आणि युरोपीय संघाशी झालेला करार २०२० मध्ये लागू झाला. बाहेरच्या कंपनीच्या नजरेने पाहिले तर व्हिएतनाममध्ये कारखाना टाकणे म्हणजे या सगळ्या बाजारांत सवलतीने शिरण्याचा परवाना मिळवणे. मजुरी स्वस्त असलेले देश जगात पुष्कळ आहेत. मजुरी स्वस्त, शाळा चांगल्या, बंदर जवळ आणि मोठ्या बाजारांचे दरवाजे उघडे, हे सगळे एकत्र असलेले फार थोडे.

शाळांचा मुद्दा ओझरता सांगून चालणार नाही. २०१२ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत व्हिएतनामने पहिल्यांदा भाग घेतला आणि गणित-विज्ञानात अमेरिका आणि ब्रिटनपेक्षा वरचे गुण मिळवले. गरीब देशाकडून ही अपेक्षा कुणी केली नव्हती. काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाणही तिथे जगातल्या वरच्या देशांत मोजले जाते. इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणी ओळींवर बसलेल्या बहुसंख्य कामगार तरुणी आहेत: वाचता येणाऱ्या, सूचना समजणाऱ्या, पगारातून गावी पैसे पाठवणाऱ्या.

याच मनुष्यबळावर सॅमसंग उभी राहिली. हनोईपासून सुमारे तीस किलोमीटरवरच्या बाक निन्ह प्रांतात कंपनीला २००८ मध्ये परवाना मिळाला आणि २००९ मध्ये मोबाइल बनू लागले. २०१४ मध्ये थाय न्गुएन प्रांतात दुसरा मोठा कारखाना सुरू झाला. आज जगभरात विकल्या जाणाऱ्या सॅमसंग फोनांपैकी जवळपास निम्मे व्हिएतनाममध्ये तयार होतात, आणि कंपनीची तिथली एकूण गुंतवणूक २० अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. फोन हलका आणि महाग, तो विमानाने जातो. हनोईचा नोय बाय विमानतळ जवळ. सुटे भाग चीनमधून लांग सोनच्या सीमेवरून ट्रकने येतात. सॅमसंगच्या पाठोपाठ हायफाँगला एलजी आली. आपल्या रांजणगावात कारखाना असलेली हीच ती एलजी. मग फॉक्सकॉन, लक्सशेअर, गोअरटेक आल्या. अमेरिका आणि चीन यांच्यातला करयुद्धाचा काळ २०१८ मध्ये सुरू झाला, तशी ही रांग वाढत गेली.

आणि इथेच स्क्रूचा प्रश्न उभा राहिला. २०१४ च्या सुमारास सॅमसंगने व्हिएतनामी कंपन्यांपुढे सुट्या भागांची यादी ठेवली आणि हे तुम्ही पुरवा असे सांगितले. त्यांत चार्जरची तार होती, इअरफोन होते, प्लॅस्टिकचे आवरण होते. हव्या त्या दर्जाचा, हव्या त्या दराने, हव्या तितक्या संख्येने पुरवठा करू शकणाऱ्या देशी कंपन्या जवळजवळ मिळाल्याच नाहीत. ‘आपल्याला साधा स्क्रूसुद्धा बनवता येत नाही का?’ हा प्रश्न तिथल्या वर्तमानपत्रांत आणि संसदेतल्या चर्चांत कित्येक महिने घुमत राहिला. देशातून अब्जावधी डॉलरचे फोन बाहेर जात होते, आणि त्यांच्या थेट पुरवठादारांत व्हिएतनामी मालकीच्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण तो हिशेबाचा आहे. समजा, कारखान्यातून शंभर रुपयांचा फोन निर्यात झाला. पडदा कोरियाचा, चिप कोरियाची किंवा तैवानची, बॅटरी आणि बारीक भाग चीनचे. देशात राहिले ते कामगारांचे पगार, वीज-पाण्याचे बिल, थोडा कर, वाहतुकीचे भाडे. नफा मूळ कंपनीकडे जातो. निर्यातीच्या तक्त्यात मात्र पूर्ण शंभर रुपये दिसतात. व्हिएतनामच्या एकूण निर्यातीपैकी सुमारे ७० टक्के वाटा परदेशी मालकीच्या कंपन्यांचा आहे. अमेरिकेशी त्याचा व्यापार १०० अब्ज डॉलरहून अधिक शिलकीत आहे, तर चीनशी ८० अब्जांहून अधिक तुटीत. एका बाजूने भाग येतात, दुसऱ्या बाजूने वस्तू जाते, आणि मध्ये राहते ती जुळणीची मजुरी.

या मजुरीला कमी लेखणे मात्र मला मान्य नाही. १९९३ मध्ये देशातले सुमारे ५८ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. आज ते प्रमाण एक आकडी आहे. २०२४ मध्ये दरडोई उत्पन्न ४,७०० डॉलरच्या आसपास पोहोचले. ज्या बाईच्या आईने कुपनावर तांदूळ घेतला, तिला आज महिन्याला ठरलेला पगार आणि मुलाच्या शिकवणीचे पैसे मिळतात, ही साधी गोष्ट नाही. प्रश्न एवढाच की दरडोई ४,७०० डॉलरवरून १४,००० डॉलरवर जाणे जुळणीच्या मजुरीवर जमते का. मलेशिया आणि थायलंड या वाटेवर बराच काळ अडखळत राहिले. कोरिया आणि तैवान पुढे गेले, कारण तिथे परदेशी कंत्राट घेणारे कारखाने देशी मालकीचे होते आणि ते कंत्राटातून शिकत गेले.

पुण्याच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. भोसरीच्या एमआयडीसीत एखाद्या गल्लीत दोन-तीन लेथ आणि एक मिलिंग मशीन टाकून ‘जॉब वर्क’ करणारे शेड उभे राहिले, ते टेल्को आणि बजाजच्या कामावर. मोठ्या कारखान्याचा माणूस ड्रॉइंग घेऊन येई, पहिला लॉट रिजेक्ट होई, दुसरा होई, तिसरा पास होई. त्यातून टूलरूमचे काम जाणणारी, टॉलरन्सची भाषा बोलणारी एक पिढी तयार झाली. पुढे २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला, तेव्हा त्या कंपनीला इथे कुशल हात आणि व्हेंडर आधीच सापडले. भारताने आधी भिंत बांधली आणि आत व्हेंडर वाढवले. व्हिएतनामने आधी दार उघडले आणि व्हेंडर नंतर वाढतील अशी आशा ठेवली. आपल्या भिंतीची किंमत आपण मोजली आहे: स्कूटरसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी, जुनाट मॉडेले, बाहेरच्या बाजारात टिकणार नाही असा दर्जा. व्हिएतनामच्या उघड्या दाराची किंमत तो आता मोजतो आहे. मला विचाराल तर दार उघडणे जास्त शहाणपणाचे होते, कारण त्याने आधी माणसे जेवली. पण व्हेंडर आपोआप वाढत नाहीत, ही गोष्ट हनोईला फार उशिरा कळली.

परिस्थिती जागची हलली आहे. सॅमसंगने व्हिएतनामी कारखान्यांत आपले तंत्रज्ञ पाठवून प्रशिक्षण दिले आणि थेट पुरवठा करणाऱ्या देशी कंपन्यांची संख्या काही डझनांवर गेली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हनोईत २२ कोटी डॉलर खर्चून संशोधन केंद्र उघडले. इंटेलने २००६ मध्ये एक अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर करून २०१० मध्ये हो ची मिन्ह सिटीत चिपची जुळणी आणि तपासणी करणारा कारखाना सुरू केला. तिला सुरुवातीला हवे तसे अभियंते मिळवणे फार जड गेले होते. शाळा जगाच्या पुढे आणि विद्यापीठे मागे, ही व्हिएतनामची जुनी विसंगती आहे, आणि जुळणीकडून रचनेकडे जायचे असेल तर तीच पहिल्यांदा आड येते.

वाढीचा वेग आजही चांगला आहे. २०२२ मध्ये अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी वाढली, २०२३ मध्ये ५ टक्क्यांवर आली, २०२४ मध्ये पुन्हा ७ टक्क्यांवर गेली. मधल्या घसरणीची कारणे पाहिली की पुढचे धोके कळतात. २०२३ च्या मे-जूनमध्ये उत्तरेत पाऊस लांबला, जलविद्युत धरणे आटली आणि बाक निन्ह, बाक ज्यांगच्या वसाहतींत वीज तुटली. जागतिक बँकेने त्याचे नुकसान सुमारे १.४ अब्ज डॉलर धरले. मध्य भागातली वीज उत्तरेला आणायला ताकदीची वाहिनी नव्हती. सरकारने ५१९ किलोमीटरची ५०० किलोव्होल्टची वाहिनी हाती घेतली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती सुरूही केली. मुख्य बांधकाम काही महिन्यांत उरकले. सरकारने ठरवले की तिथे काम कसे होते याचा हा नमुना. पण त्याच सरकारच्या डोळ्यांदेखत सायगॉन कमर्शियल बँकेतून वर्षानुवर्षे पैसा एका बांधकाम उद्योगसमूहाकडे वळत राहिला आणि २०२२ मध्ये बँक कोसळण्याच्या बेतात आली. दुसरीकडे सरकारची भ्रष्टाचारविरोधी मोहीम इतकी कडक झाली की अधिकारी सही करायलाच घाबरू लागले आणि मंजुऱ्या रखडल्या. गुंतवणूकदाराला लाच नको असते, तशीच बंद पडलेली फाइलही नको असते.

करसवलतीचे हत्यारही बोथट झाले आहे. सॅमसंगसारख्यांना सुरुवातीची काही वर्षे करमाफी आणि नंतर निम्मा कर, अशा सवलती मिळाल्या होत्या. १ जानेवारी २०२४ पासून व्हिएतनामने मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कराचा जागतिक नियम लागू केला. कर माफ केला तरी उरलेली रक्कम कंपनीचा मूळ देश वसूल करणार, मग माफी देऊन साधायचे काय? यापुढे स्पर्धा होईल ती वीज, रस्ते, कुशल माणसे आणि जवळचे पुरवठादार यांवर. माझ्या मते हा बदल गरीब देशांच्या भल्याचा आहे. एकमेकांपेक्षा स्वस्त होण्याच्या शर्यतीत त्यांची तिजोरीच रिकामी होत होती.

मग अमेरिकेचा धक्का बसला. एप्रिल २०२५ मध्ये व्हिएतनामी मालावर ४६ टक्के आयातकर जाहीर झाला. वाटाघाटींनंतर जुलैत तो २० टक्क्यांवर आला, पण दुसऱ्या देशातून येऊन फक्त शिक्का बदलून जाणाऱ्या मालासाठी ४० टक्क्यांची अट राहिली. रोख उघड चीनकडे होता. मालात खरे व्हिएतनामी काय आणि किती, हा प्रश्न आता वॉशिंग्टनमधून विचारला जाऊ लागला. स्क्रूचा तो जुना प्रश्न देशाच्या अभिमानापुरता राहिला नाही, तो सीमाशुल्काच्या दरात शिरला.

त्याच वर्षी मे महिन्यात पक्षाने ‘ठराव ६८’ काढला. खाजगी क्षेत्र हे अर्थव्यवस्थेचे सर्वात महत्त्वाचे चालक बळ आहे, असे त्यात प्रथमच स्पष्ट म्हटले आहे. २०३० पर्यंत २० लाख उद्योग आणि जागतिक पुरवठा साखळीत उतरतील अशा किमान २० मोठ्या देशी कंपन्या, असे उद्दिष्ट ठेवले आहे. २०४५ पर्यंत उच्च उत्पन्नाचा देश होण्याचा निश्चय तर आधीपासून जाहीर आहे. वेळही फार नाही: जन्मदर दोनाच्या खाली घसरला आहे, आणि जोडप्याने दोनच मुले असावीत हा जुना नियम सरकारने जून २०२५ मध्ये रद्द केला.

ठराव कागदावर चांगला आहे. बाक निन्हच्या रस्त्यावर साचे बनवणाऱ्या लहान कारखानदाराची अडचण मात्र ठोस आहे. बँक कर्जाला जमिनीचे तारण मागते, वसाहतीतले भूखंड मोठ्या परदेशी कंपन्यांच्या मापाने पाडलेले असतात, आणि चांगला टूलमेकर दोन वर्षांत शिकून शेजारच्या कोरियन कारखान्यात जास्त पगारावर जातो. त्याला छोटे गाळे हवेत, ऑर्डरच्या कागदावर कर्ज देणारी बँक हवी, आणि पहिले तीन लॉट नापास होऊनही चौथ्याची वाट पाहणारा ग्राहक हवा. पुढच्या दहा वर्षांत व्हिएतनाममध्ये किती अब्ज डॉलर आले यापेक्षा अशा किती कारखानदारांचा चौथा लॉट पास झाला, ते मी पाहत राहणार आहे.